ईदच्या सकाळी अम्मीची वाटी

गेल्या वर्षी रमजान ईदच्या सुट्टीनंतर शाळा उघडली, तेव्हा आम्ही वर्गात विचारले, ‘ईदला सकाळी काय खाल्ले?’ उत्तरे नेहमीचीच आली : शीरखुर्मा, खिमा-पाव, समोसे; कोकणातली नानी असलेल्या मुलाने सांदणे सांगितली. मग विचारले, ‘आणि अम्मीने?’ वर्ग गप्प. एक मुलगी म्हणाली, ‘दुपारी चहा पिताना पाहिली होती.’

आमच्या घरी तरी वेगळे काय होते? आमच्या अम्मीने आम्हाला दर ईदला गरम शीरखुर्मा वाढला. तिने स्वतः तो गरम खाल्लेला आम्हाला एकदाही आठवत नाही.

हजरत अनस (रजि.) यांची हदीस बुखारी शरीफमध्ये आहे : ईदुल फित्रच्या दिवशी प्रेषित (स.) काही खजूर खाल्ल्याशिवाय नमाजला निघत नसत आणि ते विषम संख्येने खात. म्हणजे तीन खजुरांतही सुन्नत पूर्ण होते. बाकीचा दस्तरखान आपल्या हौसेचा आहे. हौस जरूर करावी, पण तिचा भार एकटीवर पडू नये.

म्हणून कामे वाटून घ्या. 29 व्या रोजालाच शेवया तुपात मंद आचेवर बदामी भाजून डब्यात भरा. खारीक भिजत घाला. इफ्तारनंतर मुलांना बसवून बदाम-पिस्ते सोलून घ्या, खारकेच्या बिया काढून काप करून घ्या. खिमा रात्रीच शिजवून फ्रिजमध्ये ठेवा. चाँद दिसला नाही तरी काही वाया जात नाही. शेवया डब्यात राहतात आणि खिमा सहरीला उपयोगी पडतो.

सकाळी फज्रनंतर एक लिटर दूध उकळून थोडे आटवावे. त्यात खारीक व मेवा घालून दहा मिनिटे शिजवावे. मग 50 ग्रॅम बारीक शेवया घालाव्यात. त्या पाच मिनिटांत होतात. साखर चार-पाच चमचे, अगदी शेवटी, आणि वर वेलदोड्याची पूड. घरात कुणाला मधुमेह असेल तर साखरेआधी त्यांची वाटी वेगळी काढावी. खारीक गोडच असते, म्हणून वाटी लहान घ्यावी. शीरखुर्मा निवताना घट्ट होतो, तेव्हा पेलाभर गरम दूध बाजूला ठेवावे. खिमा चांगला गरम करून वर कोथिंबीर आणि लिंबू, सोबत पाव. एवढ्यात न्याहारी तयार.

फित्रा मात्र नमाजपूर्वीच पोहोचवा. तो कुणाच्या तरी घरची ईदची न्याहारी असतो.

बकरी ईदला क्रम बदलतो. त्या दिवशी नमाजहून परतल्यावर खाणे ही सुन्नत आहे. अनेक घरांत पहिला घास कुर्बानीच्या कलेजीचा असतो. लहान तुकडे करून आले-लसूण, हळद, मिरेपूड लावावी आणि तव्यावर सात-आठ मिनिटे परतावे. आतला लालसरपणा गेला की उतरवावे, जास्त वेळ ठेवल्यास कलेजी चिवट होते. मीठ शेवटी घालावे. कणीक मात्र सकाळीच कुणीतरी दुसऱ्याने मळून ठेवावी.

गेल्या बकरी ईदला आम्ही घरात एक नियम केला. पाहुणे येण्यापूर्वी वीस मिनिटे गॅस बंद, सगळे दस्तरखानावर, आणि वाढायचे मुलांनी. सुरुवातीला अम्मी तीनदा उठली. ‘रोटी आणते’, ‘पाणी राहिले’, ‘दार वाजले वाटते.’ तिसऱ्या वेळी धाकट्याने तिचा हात धरून तिला खाली बसवले. त्या दिवशी तिने कलेजी गरम खाल्ली आणि मीठ कमी असल्याचे सर्वांआधी तिनेच सांगितले. इतकी वर्षे आमचे मीठ कमी-जास्त झाल्याचे तिला कळत तरी कधी होते?

आता पुन्हा रमजान ईद जवळ आली आहे. वर्गातल्या मुलांना आम्ही यंदा सुट्टीचा एकच अभ्यास दिला आहे : शीरखुर्म्याची पहिली वाटी अम्मीच्या हातात द्यायची, आणि ती संपेपर्यंत तिच्याजवळ बसायचे.