पूर्वजांचा अहवाल आधी की सिकलसेलची तपासणी?

वस्तीतल्या एका तरुणाने परवा विचारले, "नळीत थुंकी पाठवली की आपले पूर्वज कोण ते कळते म्हणे. पाठवू का?" त्याचे लग्न ठरते आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

वंशाच्या संशोधनाला माझा विरोध नाही. हैदराबादच्या सीसीएमबी या सरकारी संस्थेच्या आणि परदेशी शास्त्रज्ञांच्या २०१३ च्या अभ्यासात दिसले, की सुमारे ४,२०० ते १,९०० वर्षांपूर्वी या देशातले लोक एकमेकांत भरपूर मिसळले आणि पुढे हे मिसळणे जवळजवळ थांबले. जातीतच लग्न हे जातीचे मूळ लक्षण, असे बाबासाहेबांनी १९१६ सालीच कोलंबिया विद्यापीठातील निबंधात मांडले होते. 'शुद्ध रक्ता'चा दावा खोडणारे हे ज्ञान सर्वांसाठी छापलेले आहे. त्यासाठी कुणाला थुंकी विकत द्यावी लागत नाही.

कंपनीचे गणित वेगळे असते. ती तुमचा डीएनए आपल्याकडच्या नमुन्यांशी ताडून टक्केवारी देते. नमुने बदलले की टक्केवारीही बदलते. तुमची माहिती मात्र तिच्याकडे राहते. अमेरिकेतील ट्वेंटीथ्री अँड मी या कंपनीत २०१८ मध्ये एका बड्या औषध कंपनीने ३० कोटी डॉलर गुंतवले, ते या माहितीवरून औषधे शोधण्यासाठी. २०२३ मध्ये सुमारे ६९ लाख ग्राहकांची माहिती चोरांच्या हाती लागली. मार्च २०२५ मध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला आणि पुढे ग्राहकांच्या माहितीसकट विक्री झाली. पासवर्ड बदलता येतो, डीएनए नाही. शिवाय त्यात भावंडांची आणि मुलाबाळांचीही माहिती असते.

आपल्या घरांना आधी गरज आहे ती सिकलसेलच्या तपासणीची. विदर्भात आदिवासी आणि बौद्ध कुटुंबांत हा आजार बराच आढळतो. वाहक माणूस सहसा धडधाकट असतो, त्यामुळे त्याला पत्ताही नसतो. पण नवरा-बायको दोघेही वाहक असले, तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते. बोटातल्या थेंबभर रक्तावर होणारी सोल्युबिलिटी चाचणी सरकारी मोहिमेत मोफत होते. त्यात काही आढळले तर पुढची तपासणी करून खात्री करतात. वाहक असणे म्हणजे आजारी असणे नव्हे. त्यावरून कुणाला, विशेषतः मुलींना, नावे ठेवू नका. दोघेही वाहक निघाले तर डॉक्टरांचा सल्ला घ्या.

त्या तरुणाला मी एवढेच म्हणालो, "आपण कुंडली जुळवत नाही, चांगलेच आहे. पण लग्नाआधी दोघांनी रक्ताचा अहवाल जरूर पाहा."