टी.व्ही.वरचा लाडू आणि डब्यातली भाकरी

आई कामावर, वडील कामावर आणि शाळेतून आलेले मूल टी.व्ही.पुढे, हे आपल्या वस्तीतल्या कितीतरी घरांतले चित्र आहे. मुलावर नुसते रागावून उपयोग नाही. एखाद्या सुट्टीच्या दिवशी त्याच्या शेजारी बसा आणि पडद्यावरची मुले काय खातात, काय पितात, तेवढेच बघा.

‘छोटा भीम’ ही मालिका २००८ साली सुरू झाली. ढोलकपूरचा भीम संकटात सापडला की लाडू खातो आणि क्षणात त्याच्या अंगात बळ संचारते. टुनटुन मावशीचे लाडू तो पळवतोसुद्धा. जपानी ‘डोरेमॉन’मधला निळा बोका गोड सारणाच्या डोराकेकवर जीव टाकतो. मध्येच जाहिरात लागते. दुधात पावडर घातली की मूल उंच होते, हुशार होते, शर्यत जिंकते! मूल यातून एकच धडा घेते की ताकद गोडात असते आणि ती लगेच मिळते. ते लाडू वळताना कोणाचे हात दुखले, त्यातल्या तुपाचे पैसे कोणी कष्टाने मिळवले, हे कधी दिसत नाही.

हा नुसता पोरखेळ नव्हे. पॉपाय नावाचा खलाशी डब्यातला पालक खाऊन बलवान होत असे. अमेरिकेत टेक्सासमधल्या क्रिस्टल सिटी या गावी १९३७ साली त्याचा पुतळा उभा राहिला. ते गाव पालक पिकवणाऱ्यांचे. चित्रातले पात्र माल खपवते, हे त्यांनी तेव्हाच ओळखले होते. आज ते चिप्स आणि बिस्किटे विकणाऱ्यांना पक्के ठाऊक आहे.

सरकारचे काही नियम आहेत. २०२० च्या नियमांप्रमाणे शाळेच्या फाटकापासून ५० मीटरच्या आत जास्त साखर, मीठ, चरबी असलेले पदार्थ मुलांना विकता येत नाहीत, त्यांची जाहिरातही करता येत नाही. पण आपल्या खोलीतला टी.व्ही. त्या ५० मीटरांत येत नाही. एप्रिल २०२४ मध्ये केंद्र सरकारने ऑनलाइन विक्री करणाऱ्या कंपन्यांना सांगितले, की अशी पेये ‘हेल्थ ड्रिंक’च्या यादीतून काढा. कारण अन्नसुरक्षेच्या कायद्यात ‘हेल्थ ड्रिंक’ असे काही नाहीच. तरीही पगाराच्या दिवशी पोटाला चिमटा काढून आपण तो डबा घरी आणतो.

आणखी एक गोष्ट मनाला लागते. या कार्टूनांत आपले ताट कुठे आहे? ज्वारीची भाकरी, सुकटीची चटणी, उकडलेले अंडे खाऊन कोणी वीर झालेला दिसत नाही. मग मूल शाळेत डबा उघडताना झाकण आडवे धरते. ज्या अन्नावर आपल्या आईबापांनी ओझी वाहिली, त्या अन्नाची लाज आपल्या लेकराला वाटू लागली, तर ते नुकसान पैशात मोजता येणार नाही.

एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम प्रथिने असतात. शंभर ग्रॅम नाचणीत ३०० मिलिग्रॅमहून अधिक कॅल्शियम असते, म्हणजे तेवढ्याच दुधाच्या दुपटीहून जास्त. मूठभर शेंगदाणे, भिजवलेले हरभरे यांची जाहिरात कोणी करत नाही, पण अंगाला लागते ते हेच.

म्हणून तीन गोष्टी करा. पुड्यावरची घटकांची यादी मुलाकडून मोठ्याने वाचून घ्या. ज्याचे प्रमाण जास्त, ते नाव आधी लिहिलेले असते. साखर कितव्या नंबरावर आहे, ते त्यालाच शोधू द्या. कार्टून बघताना, “हा लाडू केला कोणी?” असे विचारा. आणि मुलगी असो वा मुलगा, भाकरी थापताना जवळ बसवा, पिठात हात घालू द्या. लाडू सणावाराला जरूर करा, आनंदाने खा. रोजची ताकद मात्र तव्यावर भाजली जाते, हे मुलाला घरातच कळू द्या.