कुरळ्या केसांचे अर्थशास्त्र

केसांसारख्या विषयाला समाजवादी साप्ताहिकाने जागा द्यावी काय, असा प्रश्न काही कार्यकर्त्यांना पडेल. चंद्रपूर-गडचिरोलीच्या वनप्रदेशात कुपोषण आहे, रानातल्या मालाच्या भावाचा प्रश्न आहे, सुरजागडच्या लोहखाणीने उभे केलेले तंटे आहेत. अशा वेळी मुलींच्या केसांची चर्चा म्हणजे पोटभरल्यांचा विरंगुळा, असे कोणी म्हटल्यास त्याला तत्काळ दोष देता येणार नाही. परंतु माणसाला स्वतःच्या शरीराची लाज वाटू लागली की त्या लाजेवर कोणाचा तरी धंदा उभा राहतो, आणि धंदा उभा राहिला की प्रश्न अर्थकारणाचा होतो.

डॉ. राममनोहर लोहिया यांनी सौंदर्य आणि त्वचेचा रंग या विषयावर एक स्वतंत्र निबंध लिहिला होता. गोऱ्या रंगाला सौंदर्याचा मान मिळाला तो गोऱ्यांच्या राज्यामुळे. सत्ता दुसऱ्यांच्या हाती असती तर सौंदर्याची कसोटीही दुसरी असती, असा त्यांच्या विवेचनाचा आशय होता. त्वचेबाबतचा हा विचार चळवळीने मान्य केला. केसांपर्यंत मात्र तो पोचला नाही. कुरळ्या केसांच्या मुलीला आजही घरात आणि शाळेत 'झिंज्या आवर' हेच ऐकावे लागते. सरळ केस म्हणजे स्वच्छता, वळण, शिस्त. कुरळे केस म्हणजे अव्यवस्था, रानटीपणा, अशी एक न लिहिलेली प्रतवारी समाजमनात घट्ट बसली आहे. गडचिरोलीतील माडिया वा गोंड मुलीच्या वाट्याला ही प्रतवारी आली की तीत जातीचा आणि 'जंगली' या शब्दाचा डंखही मिसळतो. सर्व आदिवासींचे केस कुरळे नसतात आणि कुरळे केस केवळ आदिवासींचेच नसतात. पण कुचेष्टा करणाऱ्याला अशा तपशिलाची गरज भासत नाही.

ही प्रतवारी परंपरेतून आली असे म्हणावे, तर तसेही दिसत नाही. संस्कृत आणि मराठी काव्याने कुरळ कुंतलांचे कौतुकच केले आहे. बुद्धमूर्तीच्या मस्तकावर शिल्पकारांनी शतकानुशतके कुरळ्या बटा कोरल्या. भद्रावतीच्या विजासन लेण्यांमुळे चंद्रपूर जिल्ह्याला तर बुद्धशिल्पाचा वारसा घरचाच आहे. केसाच्या वळणावरून माणसाची किंमत ठरविण्याचे काम वंशवादी राजवटींनी केले. दक्षिण आफ्रिकेत १९५० च्या लोकसंख्या नोंदणी कायद्यानंतर माणसाचा वंश ठरविताना केसांत पेन्सिल खोचून ती निसटते की अडकते हे पाहिले जात असे. त्या एका पेन्सिलीने कुटुंबे दुभंगली.

विज्ञानाच्या दृष्टीने या भेदाला काहीही आधार नाही. केसाचे मूळ त्वचेत ज्या नळीसारख्या खोबणीत असते, तिचा आकार व बाक यांवर केसाचे वळण अवलंबून असते. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात, तापविता येणाऱ्या पुतळ्यावर निरनिराळे केस बसवून त्यावर सूर्यासारखा प्रकाश सोडण्यात आला. तेव्हा डोक्याला उन्हापासून सर्वाधिक संरक्षण घट्ट कुरळ्या केसांनी दिले. चंद्रपूरचा उन्हाळा सोसणाऱ्यांना या निष्कर्षाचे मोल वेगळे सांगावयास नको. निसर्गाने दिलेली ही सावली माणसांनी वैगुण्य ठरवली, इतकेच.

आता बाजाराकडे वळू. १९८० च्या दशकात शाम्पूची छोटी पुडी खेड्यापाड्यांत पोचली आणि एका धुण्यापुरती वस्तू चिल्लर पैशांत मिळू लागली. गरिबाला न परवडणारी वस्तू परवडू लागली, हा त्यातील लाभ नाकारण्याचे कारण नाही. पण पुडीबरोबर तिच्यावरचे चित्रही आले, आणि चित्रातील केस बहुधा सरळ, लांब, चकचकीत होते. त्यापुढची पायरी म्हणजे केस सरळ करण्याची रसायने. त्यांतील काही तापविल्यावर फॉर्माल्डिहाइड हा घातक वायू सोडतात, आणि तो दिवसभर हुंगावा लागतो केशकर्तनालयात राबणाऱ्या कामगार मुलीला. अमेरिकेत ३३,४९७ स्त्रियांच्या पाहणीवर आधारलेला एक अभ्यास २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. अशी रसायने कधीही न वापरणाऱ्यांत वयाच्या सत्तरीपर्यंत गर्भाशयाचा कर्करोग होण्याचे प्रमाण १.६४ टक्के, तर ती वारंवार वापरणाऱ्यांत ४.०५ टक्के असल्याचा अंदाज त्यात मांडला आहे. एवढ्याने कार्यकारणभाव सिद्ध होत नाही, तरी सावध व्हावयास तो पुरेसा आहे.

कुरळ्या केसांना हवे असते ते फार थोडे. टाळूतून पाझरणारे नैसर्गिक तेल वळणावळणाच्या केसावरून टोकापर्यंत सहज उतरत नाही, म्हणून हे केस कोरडे पडतात, गुंततात आणि तुटतात. ते वारंवार तीव्र शाम्पूने धुऊ नयेत. धुण्यापूर्वी तेल लावावे. कोरडे असताना विंचरू नयेत. ओले असतानाच बोटांनी वा रुंद दातांच्या कंगव्याने टोकाकडून मुळाकडे गुंता सोडवावा. खरखरीत पंचाने रगडण्याऐवजी जुन्या मऊ सुती कापडाने टिपावेत. उवांसाठी फणी लागतेच, पण ती गुंता सोडविल्यावर फिरवावी. एवढे ज्ञान मुलीला वेळेवर मिळाले, तर 'आवरत नाहीत' म्हणून केस कापून टाकण्याची वा वितळवून सरळ करण्याची वेळ येणार नाही.

आणि यासाठी लागणारे तेल या जिल्ह्यांच्या रानातच पिकते. मोहाची फुले वेचून झाल्यावर उन्हाळ्याच्या अखेरीस फळे येतात. त्यांतील बीला या भागात टोळी म्हणतात. तिच्या गराच्या वजनात जवळजवळ निम्मे तेल असते. थंडीत ते थिजते, त्याला उग्र वासही असतो. तरी दिव्यासाठी, खाण्यासाठी, अंगाला आणि डोक्याला लावण्यासाठी ते पिढ्यान्‌पिढ्या वापरात आहे. प्रत्यक्षात मात्र आदिवासी बाई टोळी वेचते, आठवडी बाजारात व्यापाऱ्याच्या मापाने विकते, तिचे तेल साबणाच्या कारखान्यापर्यंत जाते, आणि तीच बाई त्याच बाजारातून साबण व तेलाची पुडी विकत घेऊन घरी परतते. कच्चा माल स्वस्तात द्यायचा आणि पक्का माल महागात घ्यायचा, हा दादाभाई नौरोजींच्या काळापासून परिचित असलेला व्यवहार तिच्या टोपलीत रोज घडत असतो.

तो बदलण्याची कायदेशीर साधने आता हाताशी आहेत. २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजावरील मालकी ग्रामसभेकडे आली. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावाने २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळविला आणि २०११ मध्ये स्वतःचा बांबू स्वतः विकून दाखविला. मोहाच्या बीला २०१३-१४ पासून केंद्राच्या किमान आधारभूत किमतीच्या योजनेत स्थान आहे. बांबू आणि तेंदूपत्त्याच्या बाबतीत ग्रामसभांनी जे केले, ते टोळीच्या बाबतीत अशक्य का असावे? ग्रामसभेच्या मालकीचा लहान घाणा, बचत गटाचे तेल आणि जवळच्या आश्रमशाळेची हमखास मागणी, एवढी साखळी जोडली तर वेचणाऱ्या हाताला भाव मिळेल आणि तिच्या लेकीच्या केसांना तेल.

आश्रमशाळेचा उल्लेख येथे जाणीवपूर्वक केला आहे, कारण लाज शिकविण्याचे वा घालविण्याचे काम तेथेच होते. सगळ्या मुलींच्या केसांना एकच वळण लावणे व्यवस्थापनाला सोयीचे असते. पण पाणी अपुरे असेल तर त्याची शिक्षा केसांना का? नळाची मागणी करावी. उवा झाल्या असतील तर औषध द्यावे, मुलीला वर्गासमोर लाजवू नये. शिक्षिकेने केसांची निगा आरोग्याचा धडा म्हणून शिकवावी.

येथे एक पथ्य पाळले पाहिजे. केस सरळ करणाऱ्या मुलीला दोष देणे, वा 'मूळ संस्कृती'च्या नावाने तिच्यावर कुरळेपणाची सक्ती करणे, ही जुन्याच हुकूमशाहीची नवी आवृत्ती ठरेल. केस तिचे आहेत. निर्णयही तिचाच राहिला पाहिजे. मात्र निर्णय खऱ्या अर्थाने तिचा होण्यासाठी कुचेष्टा थांबली पाहिजे, माहिती पोचली पाहिजे आणि पर्यायाची वस्तू परवडली पाहिजे.

येत्या हंगामात टोळी बाजारात येईल तेव्हा वनप्रदेशातील कार्यकर्त्यांनी निदान आपापल्या गावच्या ग्रामसभेत घाण्याचा विषय मांडावा, आणि त्या सभेला बायकांनी बहुसंख्येने यावे हे पाहावे. त्याच्याही आधी प्रत्येकाने आपल्या घरातील 'झिंज्या' हा शब्द बंद करावा. त्याला ना निधी लागतो, ना शासनाची मंजुरी.