पुण्याचा पैसा, ब्लॅकबर्नचा फुटबॉल

ओमानचा गोलरक्षक अली अल हब्सी २००६ मध्ये इंग्लंडच्या बोल्टनमध्ये गेला, तेव्हा तिथे मॅनेजर होते सॅम अ‍ॅलर्डाइस. पुण्याच्या 'व्यंकीज'ने नोव्हेंबर २०१० मध्ये ब्लॅकबर्न रोव्हर्स विकत घेतला आणि महिन्याभरातच याच अ‍ॅलर्डाइसना नारळ दिला. संघ तेव्हा तेरावा होता. २०१२ मध्ये तो प्रीमियर लीगमधून घसरला, २०१७ मध्ये तिसऱ्या श्रेणीत गेला, २०१८ मध्ये एक पायरी वर आला.

मालकांनी पैसा कमी ओतला नाही. १९९५ चे विजेतेपदही जॅक वॉकर यांच्या पैशावरच आले होते. पण वॉकर गावचेच होते. आपल्या पुणेकरांचे कौतुक आहेच. तरी परमुलखात आधी तिथली रीत समजून घ्यावी लागते, हे आपण ओमानवासी जाणतोच.