साहेबांचा पगार

फराळाच्या ताटापुढे पगाराची गोष्ट काढू नये म्हणतात. पण मी मॅट्रिक झालेला मास्तर, दुसऱ्याचा पगार हा माझा जिव्हाळ्याचा विषय!

परवा एक शहाणे गृहस्थ म्हणाले, "गुरुजी, चांगला अधिकारी हवा तर चांगले मोल मोजावे." कबूल! मग मोजा की. नगरपरिषदेचा मुख्याधिकारी १९६५च्या कायद्याने सरकारच नेमते. पगारही तिकडे मुंबईतच ठरतो. २०१९ साली राज्याने सातवा वेतन आयोग लागू केला, तेव्हा घरभाडे भत्ता मुंबई-पुण्याला २४ टक्के आणि आमच्या भोकरसारख्या गावी ८ ठरला. (मीही त्याच आठांतला, तेव्हा निःस्वार्थीपणाचा आव आणत नाही.) तिकडे घरे महाग, खरे. पण तिकडे जायला माणसे रांग लावतात. इकडे येणारा ट्रंक उघडण्याआधी बदलीचा अर्ज लिहितो. मागे एका गावी, नाव कशाला, माझा एक साधा दाखला दोन महिने अडला, कारण साहेबांकडे दोन गावांचा कारभार आणि साहेब नेहमी दुसऱ्या गावी! त्यांच्यावर माझा राग नाही. त्यांनाही मुलांची शाळा, आईचे औषधपाणी असणारच.

भोकरहून आगगाडीने पुढे गेले की किनवट लागते. आदिवासी आणि नक्षलग्रस्त भागात सरकार २००२ पासून एक पायरी वरची वेतनश्रेणी देते. म्हणजे जिथे कोणी जात नाही तिथे जास्त द्यावे, हे सरकारला उमगलेले आहे. मग ते शहाणपण भोकरच्या फलाटावर का उतरत नाही? सरसकट पगार वाढवाल तर रांग मुंबईलाच लांबेल. वाढवा ते इथले. आणि द्या तीन वर्षे गावात बिऱ्हाड केल्यावर, नांदेडहून येऊन-जाऊन नव्हे.