पाचवा संगणक

बँकेत दिवसअखेर रोख मोजली जाते, ती रोखपालावर अविश्वास असतो म्हणून नव्हे. पुस्तकातील आकडा आणि पेटीतील रक्कम यांची गाठ रोजच्या रोज घातली नाही, तर पुढे चूक कोणती आणि लबाडी कोणती हेच सांगता येत नाही. ताळमेळाचा हा जुना नियम आता पेढीवरील संगणकालाही लावावा लागतो, हे सांगलीच्या मार्केट यार्डातील हळदीच्या एका अडत दुकानाला गेल्या हंगामात उमगले.

दुकानात पाच संगणक. एक गादीजवळ अण्णांचा, एक काट्यावर, एक गोदामात, एक धाकट्या भावाचा आणि पाचवा दिवाणजींचा. शेतकऱ्यांच्या पट्ट्या, व्यापाऱ्यांची येणी, जीएसटीची विवरणे आणि बँकेचे व्यवहार हे सारे त्या पाचव्यावर. हंगामाच्या तोंडावर शेजारच्या ओळीतील एका दुकानाचे संगणक एका सकाळी उघडलेच नाहीत. प्रत्येक फाइलच्या नावामागे अनोळखी शेपूट लागले होते आणि पडद्यावर खंडणीची मागणी होती. त्या दुकानाने शेतकऱ्यांकडील कागदी पट्ट्या गोळा करून अडीच महिन्यांचा हिशेब पुन्हा लिहून काढला. अण्णांना त्या रात्री झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी अभियांत्रिकी शिकणाऱ्या नातवाला बोलावून घेतले.

‘आपल्याकडे अँटिव्हायरस आहे ना?’ हा अण्णांचा पहिला प्रश्न. होता. परंतु अँटिव्हायरसचे मुख्य काम दारावरच्या पहारेकऱ्याचे. त्याच्याजवळ गुन्हेगारांची छायाचित्रे असतात आणि काही संशयास्पद लक्षणेही त्याला ठाऊक असतात. त्यांत बसणाऱ्याला तो अडवतो. सभ्य वेषात आत शिरलेला माणूस नंतर काय करतो, याची सलग नोंद ठेवणे हे वेगळे काम आहे. कोणत्या प्रोग्रामने कोणता प्रोग्राम चालू केला, कोणती फाइल बदलली, कोणत्या पत्त्याशी संपर्क साधला, हे सारे टिपून मध्यवर्ती ठिकाणी पाठवणारा आणि खटकणारा क्रम दिसताच सूचना देणारा घटक म्हणजे एंडपॉइंट सुरक्षेचा एजंट. एंडपॉइंट म्हणजे जाळ्याच्या टोकाला असलेले आपले यंत्र. बँकेच्या भाषेत सांगायचे तर अँटिव्हायरस हा दारावरचा शिपाई आणि एजंट हा समवर्ती लेखापरीक्षक.

या लेखापरीक्षकाची गरज किती असते, हे १२ मे २०१७ रोजी जगाने पाहिले. ‘वॉनाक्राय’ नावाच्या खंडणीखोर प्रोग्रामने त्या दिवसापासून दीडशेहून अधिक देशांतील संगणक कुलूपबंद केले. ब्रिटनच्या सरकारी रुग्णालयांना रुग्ण परत पाठवावे लागले. ज्या फटीतून तो शिरला ती बुजवणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने १४ मार्च २०१७ रोजीच, म्हणजे जवळजवळ दोन महिने आधी दिली होती. ती उपलब्ध होती. असंख्य यंत्रांवर बसवलेली नव्हती आणि बसली आहे की नाही हे पाहिलेही गेले नव्हते.

अण्णांच्या नातवाने लहान व्यवसायांसाठी असलेली ‘मायक्रोसॉफ्ट डिफेंडर फॉर बिझनेस’ ही सेवा घेतली. तीनशेपर्यंत वापरकर्ते असलेल्या संस्थांसाठी ती आहे. तिला विंडोज १० किंवा ११ ची व्यावसायिक आवृत्ती लागते, घरगुती ‘होम’ आवृत्ती चालत नाही. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला असल्याने नव्याने सुरुवात करणाऱ्याने ११ वरच यावे.

बसवण्याची रीत अवघड नाही. सेवेच्या संकेतस्थळावर, ज्याला पोर्टल म्हणतात तेथे, आपल्या खात्याने प्रवेश करून ‘सेटिंग्ज’मधील ‘एंडपॉइंट्स’ या भागात ‘ऑनबोर्डिंग’ निवडावे. दहापर्यंत यंत्रे असतील तर ‘लोकल स्क्रिप्ट’ हा मार्ग पुरतो. तेथून एक झिप फाइल उतरते. ती उलगडून आतील स्क्रिप्टवर माउसची उजवी कळ दाबावी आणि ‘रन अॅज अॅडमिनिस्ट्रेटर’ निवडावे. काळ्या खिडकीत संमती विचारली जाते. ‘वाय’ दाबले की काम पुरे होते.

ही झिप फाइल मात्र प्रत्येक संस्थेची स्वतंत्र असते. तिच्यात आपल्या खात्याची ओळख दडलेली असते. दुसऱ्या कोणाची फाइल आपल्या संगणकावर चालवली, तर आपल्या यंत्राच्या नोंदी त्या दुसऱ्याच्या पोर्टलवर जाऊ लागतील. म्हणून ती फाइल स्वतःच्या पोर्टलवरूनच उतरवावी आणि कोणालाही पाठवू नये. ‘कंपनीतून बोलतो आहे, सुरक्षा बसवून देतो,’ असे सांगणाऱ्या फोनवर ती मुळीच स्वीकारू नये.

नातवाने एका दुपारी पाचही संगणकांवर स्क्रिप्ट चालवली आणि काम झाल्याचे सांगितले. अण्णांनी पोर्टलवरील यादी समोर उघडायला लावली. अर्ध्या तासाने यादीत यंत्रे दिसली चार.

‘अण्णा, दिवाणजीकाकांचा संगणक अजून आलेला नाही. येईल थोड्या वेळाने.’

‘थोडा वेळ म्हणजे किती? जाऊन पाहा.’

पाचव्या संगणकावर कमांड प्रॉम्प्ट उघडून नातवाने ‘एससी’, ‘क्वेरी’ आणि ‘सेन्स’ हे तीन शब्द, मध्ये एकेक जागा सोडून, इंग्रजीत टंकले. सेन्स हे त्या एजंटच्या सेवेचे नाव. बाकी चार यंत्रांवर या आज्ञेला ‘रनिंग’ असे उत्तर आले होते. येथे आले ‘स्टॉप्ड’. घाईत त्याने स्क्रिप्ट नुसती दोनदा टिचकी मारून उघडली होती. अधिकार अपुरे असल्याचा संदेश खिडकीत आला होता, तो न वाचताच त्याने खिडकी मिटली होती. या वेळी रीतसर चालवल्यावर ‘रनिंग’ आले आणि पोर्टलवर पाचवे नाव उमटले.

त्यानंतर नातवाने शोधचाचणी घेतली. पोर्टलच्या ऑनबोर्डिंग पानावरच एक तयार आज्ञा दिलेली असते. ती कमांड प्रॉम्प्टमध्ये चालवली की खिडकी आपोआप मिटते आणि सुमारे दहा मिनिटांत पोर्टलवर त्या यंत्राच्या नावाने सूचना येते. पाचही सूचना आल्या. म्हणजे यंत्रापासून पोर्टलपर्यंतची वाट मोकळी होती.

अण्णांनी विचारले, ‘आणि दारावरचा शिपाई जागा आहे का?’

त्याचीही एक निरुपद्रवी परीक्षा आहे. ‘आयकार’ या युरोपीय संस्थेने ठरवून दिलेली ६८ अक्षरांची एक ओळ नोटपॅडमध्ये चिकटवून फाइल साठवली की अँटिव्हायरसने तिला विषाणू समजून लगेच पकडावे, असा जगभरचा संकेत आहे. तिच्यात अपाय करणारे काहीच नसते. चार संगणकांवर ती फाइल साठवताक्षणी नाहीशी झाली. दिवाणजींच्या संगणकावर ती जागच्या जागी बसून राहिली.

कारण विंडोज सिक्युरिटीमधील ‘एक्सक्लूजन्स’ या यादीत सापडले. ज्या जागा तपासू नयेत अशी आज्ञा असते, त्या जागांची ही यादी. तिच्यात एकच नोंद होती: संपूर्ण सी ड्राइव्ह. दोन वर्षांपूर्वी एका दुरुस्तीवाल्याने परवाना न घेता विंडोज चालू करून देणारा चोरटा प्रोग्राम टाकला होता आणि अँटिव्हायरसने तो पकडू नये म्हणून साऱ्या घरालाच पहाऱ्यातून वगळले होते. हिरवी खूण मात्र दोन वर्षे दिसत राहिली.

दिवाणजींचा चेहरा उतरला. ‘अण्णा, एकतीस वर्षं या गादीवर लिहितोय. आता माझ्यावर पाळत ठेवायची वेळ आली का?’

‘दिवाणजी, पहिला संगणक माझा तपासला, तुमचा शेवटी. तुमच्यावर संशय असता तर एकतीस वर्षं पेटीची किल्ली तुमच्याकडे राहिली असती का? तुमच्या नकळत कोणी तुमच्या नावाने सही करू नये, एवढ्यासाठी हे आहे.’

दिवाणजी काही बोलले नाहीत. पण त्या दुरुस्तीवाल्याचे बिल कोणत्या फाइलला लावले आहे, ते त्यांनीच शोधून आणले.

दोन वर्षांत त्या यंत्रात काय काय येऊन गेले असेल, याची खात्री कोणी देऊ शकत नव्हते. म्हणून केवळ ती नोंद पुसून ते थांबले नाहीत. हिशेबाची प्रत बाहेरच्या डिस्कवर घेऊन ती तपासली, रीतसर परवाना विकत घेऊन विंडोज नव्याने टाकली, एजंट पुन्हा बसवला आणि चारही पडताळण्या पुन्हा केल्या: सेवा चालू, पोर्टलवर नाव, शोधचाचणीची सूचना आणि आयकारची फाइल. बँक, जीएसटी आणि ईमेल यांचे पासवर्ड दुसऱ्या, तपासलेल्या संगणकावरून बदलले.

तीन गोष्टी मात्र कोणताही एजंट करीत नाही. सूचना आली तर ती वाचणारा माणूस नेमावा लागतो. या दुकानात ती नातवाच्या आणि अण्णांच्या, दोघांच्याही ईमेलवर जाते. हिशेबाची एक प्रत संगणकापासून सोडवून ठेवलेल्या डिस्कवर असावी लागते, कारण जोडून ठेवलेली डिस्कही खंडणीखोर कुलूपबंद करतो. आणि घात झालाच तर वेळ दवडता येत नाही: पैसे गेले असतील तर १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर तत्काळ फोन करावा. सर्ट-इन या केंद्रीय यंत्रणेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांत संस्थांनी सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवण्याचे बंधन आहे.

सध्या त्या दुकानात दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी पोर्टलवरील नावे मोजली जातात आणि आयकारची फाइल पुन्हा साठवून पाहिली जाते. निकाल रोजमेळाच्या मागच्या पानावर लिहिला जातो आणि त्याखाली दोन सह्या होतात. तपासणी करतो नातू. पहिली सही त्याची, दुसरी दिवाणजींची.