मार खाणाऱ्याचं नाव

सिनेमा संपला तरी शेवटचं नाव सरकेपर्यंत कुणी जागचं हलायचं नाही, हा माझा घरातला जाच वाचकांना ठाऊक आहे. त्यावर लिहिलं तेव्हा आलेली झाडून सगळी पत्रं आमच्या हिच्या बाजूची होती. या आठवड्यात मात्र टीव्हीच हिला सामील झाला. 'रेडर्स ऑफ द लॉस्ट आर्क' संपला, नावं सुरू झाली आणि पडदा आकसून काडेपेटीएवढा झाला. उरलेल्या जागेत कुठल्याशा मालिकेची जाहिरात आणि खाली आकडे: पाच, चार, तीन... अहो, घाई कसली? पैसे मोजलेत आम्ही! नटांची नावं वाचली तर तुमचं काय बिघडतं?

मला नाव दाखवायचं होतं ते त्या टकल्या जर्मन मेकॅनिकचं. उघड्या अंगाने तो हॅरिसन फोर्डची यथेच्छ कणीक तिंबतो आणि मागे विमानाचा पंखा गरगरतोय हे एकट्या त्यालाच दिसत नाही. हा पॅट रोच. जन्म १९३७, बर्मिंगहॅमचा, सव्वासहा फुटांच्या वर उंच, पेशाने कुस्तीगीर. कुब्रिकने 'अ क्लॉकवर्क ऑरेंज'मध्ये त्याला दांडगा रखवालदार म्हणून उभं केलं, 'बॅरी लिंडन'मध्ये नायकाच्या हातून बुकलून काढलं. २००४ साली गेला.

गंमत अशी, की 'रेडर्स'मध्ये तो दोनदा आहे. नेपाळमधल्या गुत्त्यातला धिप्पाड शेर्पाही तोच. तिथे मार खाल्ला, की इजिप्तमध्ये जर्मन होऊन हजर! 'रेडर्स'नंतरचा 'इंडियाना जोन्स' म्हणजे १९८४चा 'टेंपल ऑफ डूम'. त्याला आपल्या सरकारने चित्रीकरणाची परवानगी दिली नाही, म्हणून मंडळी श्रीलंकेला गेली. त्यात अमरीश पुरींच्या खाणीवरचा मुख्य पहारेकरी पुन्हा हाच, आणि दगड चिरडणाऱ्या रुळाखाली जातोही हाच. (पुरी म्हणजे मोगॅम्बो एवढंच माहीत असलेल्यांनी 'शांतता! कोर्ट चालू आहे' हा सिनेमा शोधावा.) 'नेव्हर से नेव्हर अगेन'मध्ये तर त्याने शॉन कॉनरीला आरोग्यधामभर धोपटलं. शेवटी बाँडने हाताला लागलेलं भांडं त्याच्या तोंडावर रिकामं केलं. आत काय होतं? तपासणीसाठी ठेवलेली बाँडची लघवी. आता बोला!

ब्रिटनमधल्या लोकांच्या मनात मात्र तो बसला तो १९८३मध्ये सुरू झालेल्या 'आउफ वीडरझेन, पेट' या मालिकेमुळे. इंग्लंडात काम नाही म्हणून जर्मनीत बांधकामावर गेलेले सात कामगार. त्यातला बॉम्बर हा अंगाने रेडा आणि स्वभावाने गाय. त्यातही वाटणी बघा. बर्मिंगहॅमच्या रोचला ब्रिस्टलकडचा हेल काढायला लावला आणि बर्मिंगहॅमजवळचा बॅरी दिला लंडनच्या टिमथी स्पॉलला. कोल्हापूरच्या पैलवानाला मालवणी बोलायला लावावं आणि तांबडा-पांढरा मुलुंडच्या माणसाला वाढावा, तसलं हे. दोघांनीही ते इतकं झकास निभावलं, की प्रेक्षकांनी कुरकुर केली नाही.

तिसऱ्या 'इंडियाना जोन्स'मध्ये, १९८९ साली, रोच गेस्टापोचा माणूस आहे. त्याची मारामारी कापली गेल्यामुळे तो जेमतेम क्षणभर दिसतो, पण शेवटच्या यादीत नाव आहे. वाचायचं असेल तर रिमोट हातात घेऊनच बसा.